करारनामा वाचायला कोण शिकवणार?

आपल्या मोहल्ल्यांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे होतात. पण पगार सुरू झालेल्या पोराला घराचा करारनामा वाचायला कोणी शिकवत नाही. नाव ऐकून त्याला इतरत्र घर नाकारतात, म्हणून तो मुंब्र्याकडे वळतो. हा अन्याय खराच. पण त्याच अगतिकतेवर आपलाच बिल्डर साध्या नोटरीवर फ्लॅट विकतो, तेव्हा ‘अपना आदमी है’ म्हणत आपण गप्प बसतो, याची मला जास्त चीड येते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याची बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. तरीही आपण गप्पच.

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. किती तरुणांना हे ठाऊक आहे? आणि महारेरा क्रमांक दिसला की निर्धास्त होणेही भाबडेपणाच. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून तो मिळवला होता. बांधकाम परवानगी महापालिकेत, जमीन सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर तपासावीच लागते. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारीसुद्धा कायद्याने घरमालकावर टाकली आहे, हे भाड्याने राहणाऱ्या पोरांना कोण सांगणार? लग्नाच्या हॉलवर लाखो उधळणाऱ्या जमातींना माझे एवढेच म्हणणे आहे: एखाद्या रविवारी वकील बोलवा, पोरापोरींसमोर खरा करारनामा ठेवा आणि एकेक कलम मोठ्याने वाचून घ्या.