गोलात कोण?
बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर परवा पोरांचा सामना रंगला होता. चपलांचे गोलपोस्ट आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात लहान पोर नाक ओढत गोलात ढकललेलं. चेंडूचा मालक अर्थातच फॉरवर्ड! जर्मनीचा गोलकीपर मान्युएल नॉयर पाच वर्षांचा व्हायच्या आत शाल्के क्लबात गेला. आपल्याकडे मात्र गोलात उभं राहणं म्हणजे शिक्षा. पण इथून चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर गोलकीपर राहूनच भारताचे कर्णधार झाले. अर्जुन पुरस्कार मात्र १९९७ मध्ये, निवृत्तीनंतर. पद्मश्री तर २०२२ मध्ये. फॉरवर्डचे हुकलेले फटके लोक चहा संपेपर्यंत विसरतात, कीपरच्या हातून सुटलेला एक चेंडू जन्मभर उगाळतात. म्हणून सांगतो, संघातलं सगळ्यात धीट आणि डोकं थंड असलेलं पोरच गोलात हवं. बाकीच्यांनी खुशाल पुढे पळावं.