मुलाच्या विकेट मोजता, मग चेंडू कोण मोजणार?

एप्रिल-मे महिन्यात क्रिकेटची उन्हाळी शिबिरं सुरू झाली की माझ्या ओपीडीत एक ठरावीक पेशंट येतो. वय १३ ते १७, वेगवान गोलंदाज, कंबरेत एका बाजूला दुखतंय. बाम, स्प्रे, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, सगळं करून झालेलं असतं. सरांनी सांगितलेलं असतं, "अजून टाक, अंग मोकळं होईल." आणि वडील म्हणतात, "डॉक्टर, रविवारी मॅच आहे, तेवढं भागेल असं काहीतरी द्या."

स्पष्टच सांगतो. वाढत्या वयाच्या गोलंदाजाची कंबर दुखत असताना त्याला "अजून टाक" म्हणणं हे प्रशिक्षण नव्हे. ती दुखापत वाढवण्याची पद्धत आहे.

कंबरेत नेमकं काय होतं?

वेगवान चेंडू टाकताना पाठ मागे वाकते, एका बाजूला झुकते आणि पिळली जाते. त्याच क्षणी पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार वर चढतो. हा भार कंबरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या हाडाच्या अरुंद भागावर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा डावीकडे असतं.

तिथे सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत हाड ती भरून काढतं. हाड मजबूत होतं ते असंच. पण विश्रांतीच मिळाली नाही तर इजा साठत जाते आणि हाडाला तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला एक्स-रे अनेकदा नॉर्मल येतो, एमआरआयमध्ये मात्र दिसतं. म्हणून "एक्स-रे चांगला आहे, खेळू दे" हा निष्कर्ष घाईचा ठरतो. तडा असेल तर निदान काही महिने गोलंदाजी बंद ठेवावी लागते.

हिशेब करून बघा

मी प्रत्येक वडिलांना विचारतो, "मुलगा दिवसाला किती चेंडू टाकतो?" विकेट तोंडपाठ असतात, वेगही माहीत असतो. चेंडू मात्र कुणालाच माहीत नसतात.

समजा, सकाळी नेटमध्ये ६० चेंडू झाले. दुपारी शाळेच्या मॅचमध्ये ८ षटकं, म्हणजे ४८. संध्याकाळी गल्लीच्या टीमकडून टेनिस बॉलने ३०. एकूण १३८ चेंडू, म्हणजे २३ षटकं! अकादमीचे सर आपले ६० मोजतात, शाळेचे सर आपले ४८. टेनिस बॉल कुणीच धरत नाही. पण कंबर एकच आहे, तिला तिन्ही टीमचे चेंडू लागतात.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी जी मर्यादा आखली, त्यात १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला दिवसाला १० षटकं, १५ वर्षांखालच्याला १२, आणि त्यापुढे १९ वर्षांखालपर्यंत १८ षटकं. आठवड्यात जास्तीत जास्त ४ दिवस गोलंदाजी, आणि सलग २ दिवसांपेक्षा जास्त नाही. आपल्या उदाहरणातला मुलगा १४ वर्षांचा असेल तर तो जवळपास दुप्पट टाकतोय.

"आमच्या वेळी असं काही नव्हतं"

होतं. ज्यांची कंबर गेली ते खेळ सोडून घरच्या दुकानात बसले. त्यांची मोजदाद कुणी केली नाही, एवढंच.

पॅट कमिन्स २०११ मध्ये १८ व्या वर्षी पहिली कसोटी खेळला आणि त्यात ७ बळी घेतले. पुढची कसोटी खेळायला त्याला मार्च २०१७ उजाडलं. त्या मधल्या काळात पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. त्याच्यामागे फिजिओ, डॉक्टर, अख्खं बोर्ड होतं. तुमच्या मुलामागे फक्त तुम्ही आहात.

अर्शिन कुलकर्णी २०२४ चा १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हापासून सोलापूरच्या पालकांची स्वप्नं मोठी झाली आहेत. चांगलंच आहे. पण आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरेही आठवा. ती आधी भालाफेक आणि इतर मैदानी खेळ खेळली, क्रिकेटकडे नंतर वळली, आणि २०२२ मध्ये भारताकडून खेळली. दहाव्या वर्षापासून बारा महिने फक्त बॉलिंगच केली पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आजपासून एवढं करा

- एक वही करा. नेट, मॅच, टेनिस बॉल, सगळे चेंडू रोज लिहा आणि ती वही प्रत्येक सरांना दाखवा.
- शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात चेंडू एकदम वाढवू नका. परीक्षेच्या सुट्टीनंतर शरीर तयार नसतं.
- वर्षातून काही आठवडे बॉलिंग पूर्ण बंद ठेवा. पोहू दे, खो-खो खेळू दे.
- भर दुपारच्या उन्हात सराव नको. सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो आणि थकलेल्या मुलाची ॲक्शन बिघडते.
- गोळी देऊन मैदानात उतरवू नका. गोळीने दुखणं लपतं, तडा भरत नाही.
- मागे वाकल्यावर किंवा बॉलिंग करताना दुखत असेल तर बॉलिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, पायात मुंग्या किंवा लघवीवरचा ताबा जाणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आणि सरांनी "नाटक करतोय" म्हटलं, तर त्यांना शांतपणे सांगा, "सर, रविवारची मॅच पुढच्या रविवारीही असते." हे तुम्ही बोलायला हवं. टीममधून नाव जाईल या भीतीने मुलगा कधीच बोलणार नाही.