कागदावरची म्हैस, कागदावरचं संशोधन

डॉक्टर चांगला की वाईट हे ठरवण्याच्या आपल्या घरगुती कसोट्या ठरलेल्या असतात. औषधाला गुण येतो का, नीट बोलतो का, उगाच तपासण्या लिहून देतो का. पण या डॉक्टरांना जे शिकवतात, त्या प्राध्यापकांची कसोटी कोणती? ती आपल्याला माहीत नसते, कारण आपला आणि त्यांचा थेट संबंध येत नाही. संबंध येतो तो त्यांच्या विद्यार्थ्याशी, आणि तोही बहुधा रात्री दोन वाजता, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात, आपलं माणूस स्ट्रेचरवर असताना.

सरकारी कसोटी अशी आहे की, शिकवण्याचा अनुभव ठरावीक वर्षांचा हवा आणि नावावर ठरावीक संख्येने शोधनिबंध छापलेले हवेत. त्यावाचून सहायक प्राध्यापकाचा सहयोगी होत नाही आणि सहयोगीचा प्राध्यापक होत नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ साली एक परिपत्रक काढून निबंध कोणत्या सूचीतल्या नियतकालिकात असावा, लेखकांच्या यादीत नाव कितवं असावं, हे बजावलं. पहिली दोन नावं धरायची, बाकीच्यांना गुण नाहीत. केवळ संगणकावर निघणारी नियतकालिकं चालणार नाहीत, असंही त्यात होतं. देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या संघटनेने २०१६ मध्ये याचा फेरविचार करा असं लिहून कळवलं. २०२० मध्ये नियम थोडे सैल झाले, पहिली तीन नावं चालू लागली, संशोधनाचा आणि अध्यापनशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रमही सक्तीचा झाला. त्याच वर्षी कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. पण मोजणी काही गेली नाही.

मोजणी म्हटली की मला म्हैस आठवते. मी बँकेत लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. १९८० सालापासून तो देशातल्या सगळ्या तालुक्यांत लागू झाला होता. गरिबाला कर्ज आणि अनुदान द्यायचं, त्याने म्हैस घ्यायची, दूध विकून हप्ते फेडायचे. हेतू उत्तम. पण वरून जो आकडा येई तो म्हशींचा असे, दुधाचा नसे. मार्चअखेर इतकी प्रकरणं झालीच पाहिजेत. मग व्हायचं ते झालं. एकच म्हैस सकाळी एका वाडीत आणि दुपारी दुसऱ्या वाडीत वेगवेगळ्या मालकांच्या दारात बांधलेली मी पाहिली आहे. विम्यासाठी कानात ठोकलेला बिल्ला तेवढा बदललेला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख दोघांनाही पटली. कागदोपत्री मात्र त्या गावात दुधाचा महापूर होता.

वैद्यकीय शिक्षणात नेमकं हेच चाललं आहे, असं माझं मत आहे. माझी भाची एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. एकदा ती म्हणाली, "मामा, तुमची कथा छापणारा तुम्हाला पैसे देतो ना?" मी म्हटलं, "देईन म्हणतो." ती म्हणाली, "आमच्याकडे आम्हीच द्यायचे." मग तिने तिला आलेल्या पत्रांची चळत दाखवली. 'आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्याने आम्ही भारावून गेलो आहोत, आपला बहुमोल लेख पंधरा दिवसांत पाठवा.' कोणत्या थोर कार्याने, ते पत्रात नव्हतं. तिच्या विषयाशी संबंध नसलेली, मासेमारीच्या आणि सिमेंटच्या नियतकालिकांचीही निमंत्रणं त्यात होती. सोबत दरपत्रक.

लेखकाने पैसे भरणं हे स्वतःच पाप नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. वाचकाला फुकट वाचता यावं म्हणून छपाईचा खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेणारी अनेक प्रतिष्ठित नियतकालिकं आहेत. फरक आहे तो मधल्या पायरीत. आलेला निबंध त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो, ते नाव न सांगता त्यातली उणीदुणी काढतात, लेखकाला उत्तरं द्यावी लागतात, महिनोन् महिने जातात, आणि बरेचदा शेवटी नकार येतो. ही पायरी गाळून थेट पावती फाडणारी जी दुकानं निघाली, त्यांना अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी 'शिकारी' नियतकालिकं असं नाव दिलं.

त्यांची परीक्षा एकाने घेतली होती. जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकासाठी एक धडधडीत चुकांनी भरलेला खोटा निबंध तयार केला. दगडफुलासारख्या वनस्पतीतल्या द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा त्यात दावा होता. लेखक खोटा, त्याची संस्था खोटी. हा निबंध थोड्याफार फरकाने ३०४ नियतकालिकांकडे गेला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. यातली सुमारे एक तृतीयांश नियतकालिकं भारतातली निघाली. त्यांपैकी ६४ जणांनी निबंध घेतला आणि फक्त १५ जणांनी नाकारला. काहींचे पत्ते युरोप-अमेरिकेचे होते, पण बँकखाती भारतातली. बँकवाल्याला यात नवल वाटणार नाही. माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, पाटी बदलतो. पैसे कुठे जमा करायचे हे मात्र खरं सांगतो.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसंस्थेला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. लेखकांची दिशाभूल केल्याचा ठपका तिच्यावर होता. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी होती, तिचा अभ्यास पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठांनी शिफारस करून त्या यादीत घातलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची ठरली. म्हणजे बिल्ला ठोकणारेही आपलेच.

कोणी म्हणेल, काय बिघडलं? आपल्याकडे स्वखर्चाने कवितासंग्रह निघतातच की. पण स्वखर्चाच्या कवितासंग्रहाने कोणाचं नुकसान होत नाही, झालंच तर नातेवाइकांचं. औषधाच्या निबंधाचं तसं नाही. तो कोणीतरी वाचतो, दुसऱ्या निबंधात त्याचा दाखला देतो, आणि आकडा खरा म्हणून पुढे चालू लागतो. त्याहून मोठं नुकसान मला वेगळंच दिसतं. शिक्षक जो निबंध असा मिळवतो, तो त्याचा पदव्युत्तर विद्यार्थी जवळून पाहतो. त्या विद्यार्थ्यालाही प्रबंध लिहायचा असतो. रुग्ण मोजायचे असतात, तक्ते भरायचे असतात. तक्ता बसल्या जागी भरता येतो हे जो तरुण डॉक्टर पंचविसाव्या वर्षी शिकला, तो पुढे आपल्या आईचा रक्तदाब वहीत लिहिताना यंत्र लावेलच, याची खात्री कोणी द्यावी? सगळे असं करतात असं मी म्हणत नाही. बहुसंख्य करत नसतील. पण व्यवस्था शिक्षा करते ती प्रामाणिक माणसाला. त्याचे दोन निबंध व्हायला चार वर्षं लागतात आणि शेजारच्या टेबलावरचा तोवर प्राध्यापक होऊन बसतो.

दुसरी बाजूही भयंकर आहे. डॉ. समीरण नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांत भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांतून किती संशोधन छापून आलं ते मोजलं. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या फक्त २५. आणि ३३२ संस्थांतून दहा वर्षांत एकही निबंध आला नव्हता. म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी म्हैस कागदावरही नव्हती! तेव्हा सक्ती करणाऱ्यांचा हेतू मला समजतो. डॉक्टर घडवणाऱ्या संस्थेत प्रश्न विचारण्याची सवय असावी, हे बरोबरच आहे. पण सवय परिपत्रकाने लागत नाही.

ती कशी लागते याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, दगावत. बावस्करांनी त्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. हृदयावर काय परिणाम होतो, आधी कोणती लक्षणं दिसतात. १९८२ साली ते निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरलं आणि मुलं वाचू लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांवरचा निबंध १९८९ मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचा १९९९ मध्ये. यांतल्या कोणालाही बढतीसाठी निबंध हवा नव्हता. त्यांच्यासमोर एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

आता वैद्यकीय शिक्षणाकडे येऊ. शिक्षण हाही संशोधनाचा विषय असू शकतो, हे आपल्याकडे उशिरा रुजलं. पूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याच्या वाट्याला एक रुग्ण यायचा. रुग्ण बोलका निघाला तर पास, परीक्षक तिरसट निघाला तर नापास, बरंचसं नशिबावर. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली दुसरी पद्धत मांडली. परीक्षेची अनेक छोटी ठाणी करायची, प्रत्येक ठाण्यावर ठरावीक मिनिटांत एकच काम. इथे छाती तपास, तिथे रुग्णाला आजार समजावून सांग. सगळ्यांना तीच कामं, गुण द्यायची यादी आधी ठरलेली. आज ही पद्धत जगभर आहे, आपल्याकडेही आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून वैद्यकीय शिक्षकांसाठी खास प्रशिक्षण चालू झालं. तिथून गेलेले शिक्षक आपापल्या गावी जाऊन असे छोटे छोटे प्रयोग करू पाहतात.

माझ्या भाचीलाही असाच एक प्रश्न पडला आहे. तिचे विद्यार्थी इंग्रजीतून शिकतात आणि रुग्ण मराठीतून आजारी पडतो. म्हातारी बाई म्हणते, 'पोटात भडका उडतो', 'जीव घाबरा होतो', 'पाठीत चमक निघते', 'अंग मोडून येतं', 'हातापायाला मुंग्या येतात', 'डोळ्यांपुढे अंधारी येते'. यातल्या प्रत्येक शब्दाला वैद्यकीय अर्थ आहे, आणि तो एकच नाही. 'जीव घाबरा होणं' हे हृदयाचं दुखणं असेल, साखर उतरली असेल, नाहीतर नुसती सुनेची काळजी असेल. लातूर-नांदेडहून आलेला मुलगा हे चटकन समजतो; ज्याच्या घरी मराठी नाही तो 'पेशंटला नीट सांगता येत नाही' असं लिहून मोकळा होतो. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य आलं, सुरुवातीच्या महिन्यात स्थानिक भाषेची ओळखही आली. पण त्याने म्हातारीचं म्हणणं जास्त कळू लागलं का, हे मोजायचं कसं? तिला हे शोधायचं आहे. दोन-तीन वर्षं लागतील, असं ती म्हणते.

तिच्या विभागात तिला सल्ला मिळाला की, हे अवघड आहे. त्यापेक्षा शंभर विद्यार्थ्यांना प्रश्नावली दे, 'तुम्हाला हे व्याख्यान आवडलं का' विचार, टक्के काढ, आणि दुसरं नाव माझं घाल. व्याख्यान आवडणं आणि त्यातून काही येणं यात फरक आहे, हे कोणत्याही आईला कळतं. मुलाला आवडणारे शिक्षक आणि मुलाला गणित येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण प्रश्नावलीचा निबंध सहा महिन्यांत होतो.

इथे माझं म्हणणं थोडं कडक आहे. निबंध मोजायचे थांबवा आणि वाचायला लागा. बढतीच्या मुलाखतीत उमेदवाराने आपला एकच निबंध, स्वतः निवडलेला, समोर ठेवावा. त्याच्याबरोबर मूळ नोंदवही. निवड समितीने अर्धा तास त्यावरच बोलावं. तक्ता कसा भरला, किती रुग्ण सोडून गेले, उत्तर मनासारखं आलं नाही तेव्हा काय केलं. ज्याने काम केलं आहे त्याला हा अर्धा तास पुरणार नाही, ज्याने केलं नाही त्याला तो सरणार नाही. बँकेत तपासनीस येई तेव्हा तो आमचा अहवाल बाजूला ठेवून म्हणे, "चला, म्हैस दाखवा."

मूळ वही न पाहण्याने थोरामोठ्यांचीही फजिती झाली आहे. २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या ऐन काळात, 'लॅन्सेट'ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल एक निबंध छापला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, असा भव्य पसारा. ती माहिती एका खाजगी कंपनीकडची होती. शंका निघाल्या, मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर त्या मिळेनात, आणि दोन आठवड्यांच्या आत निबंध मागे घ्यावा लागला. म्हणून नियतकालिकाच्या नावावर विसंबून बढती देणं हाही आळसच. चांगल्या नियतकालिकांचं महत्त्व मात्र कमी होत नाही. केईएमच्या डॉक्टरांचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं आहे. मुंबईतच १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीवरचं एक नियतकालिक मूठभर डॉक्टरांनी सुरू केलं आणि ते अजून चालू आहे. अशांना संपादक, परीक्षक आणि थोडा पैसा मिळाला, तर शिक्षकांना दुकानांच्या दारात जावं लागणार नाही.

भाचीने तूर्त एक जाड वही घातली आहे. बाह्यरुग्ण विभागात बसून ती रुग्णांचे शब्द जसेच्या तसे उतरवते. परवा फोनवर मला विचारत होती, "मामा, 'कसंनुसं होतं' म्हणजे नक्की काय होतं हो?" मी म्हटलं, कोण म्हणालं, कधी म्हणालं, जेवल्यावर की उपाशीपोटी, तेही लिहून ठेव.