वरातीचा बँड, जॅझ आणि आपले कान

३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. युनेस्कोने तो २०११ मध्ये जाहीर केला. बुलडाणा जिल्ह्यात या सुमारास लग्नसराई ऐन भरात असते. चिखली असो, मेहकर असो की मलकापूर, संध्याकाळी रस्त्यावर नवरदेवाची वरात हमखास आडवी येते. पूर्वी तिच्यापुढे बँड असे. आता बऱ्याच ठिकाणी डीजेची गाडी असते. अमेरिकेतल्या एका संगीतप्रकाराचा आणि आपल्याकडच्या वरातीचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण संबंध आहे, आणि तो थेट कानाच्या आरोग्यापर्यंत पोहोचतो.

जॅझची जडणघडण अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदरात झाली. गुलामगिरीच्या काळात तिथल्या काँगो चौकात आफ्रिकी गुलामांना रविवारी एकत्र जमून वाजवण्या-नाचण्याची मुभा होती. त्यांची तालाची परंपरा, ब्लूज ही दुःखाची गाणी, चर्चमधली भजने आणि लष्करी धाटणीच्या बँडची पितळी वाद्ये यांच्या सरमिसळीतून एकोणिसावे शतक संपता संपता नवे संगीत आकाराला आले. ते वाढले रस्त्यावरच्या मिरवणुकीत. तिथे अंत्ययात्रेपुढेही बँड चाले; दफनभूमीकडे जाताना संथ सूर आणि परतताना पाय थिरकवणारी धून. वारकऱ्याच्या अंत्ययात्रेत टाळ-मृदंग ऐकलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

आपला लग्नाचा बँडही लष्करी बँडचाच वंशज. ब्रिटिश पलटणींच्या बँडमधली क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि मोठा ढोल ही वाद्ये हळूहळू इथल्या वादकांच्या हाती आली. बँडवाल्यांचा झालरीचा कोट आणि टोपी ही त्याचीच खूण. न्यू ऑर्लिन्सचा बँड आणि वऱ्हाडातला बँड हे असे चुलतभाऊ ठरतात.

जॅझ पुढे वारंवार बदलत गेला. १९१७ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तेव्हा कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकाच वेळी एकमेकांभोवती सूर गुंफत. १९२०च्या दशकात लुई आर्मस्ट्राँग यांनी एकट्या वादकाला पुढे आणले. १९३०च्या दशकात ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी यांच्या मोठ्या वाद्यवृंदांनी ‘स्विंग’वर लोकांना नाचवले. १९४०च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी ‘बिबॉप’ ही वेगवान, अवघड, बसून ऐकण्याची शैली घडवली. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांनी ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये मोजक्या स्वरावलींवर शांतपणे विस्तार केला, रागदारी ऐकणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटते. १९७०च्या दशकात जॅझमध्ये विजेची वाद्ये रुळली आणि त्याच दशकात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘शक्ती’मध्ये झाकीर हुसेन यांचा तबला बोलू लागला. इतक्या शैली आल्या, पण एक गोष्ट टिकली. सोबत्याने काय वाजवले ते ऐकायचे आणि त्याच क्षणी त्याला उत्तर द्यायचे.

मुंबईत हे संगीत १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात पोहोचले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा चमू घेऊन तिथे आले. नंतर ताज गाजवणारे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने गेले. वय अवघे ४१. या मंडळींकडून जॅझ उचलला तो गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणापासून स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना तर लोक ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांना त्यांची साथ होती, आणि अमरावतीत जन्मलेल्या भगवानदादांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त जॅझचा ठेका घरोघर पोहोचला. सिनेमाच्या चालींवर जगणाऱ्या लग्नाच्या बँडमधून तोच ठेका पुढे गावच्या गल्लीत आला.

असे ऐकत-वाजवत राहणे मेंदूलाही कामाला लावते. अमेरिकेत कानाचे शल्यचिकित्सक चार्ल्स लिम आणि त्यांचे सहकारी ॲलन ब्राऊन यांनी २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावले. पाठ केलेली धून वाजवण्यापेक्षा मनाने नवे रचताना मेंदूच्या पुढच्या भागातील, स्वतःवर सतत नजर ठेवणारे केंद्र शांत झाले आणि स्वतःला व्यक्त करण्याशी जोडलेला भाग अधिक सक्रिय झाला. अभ्यास लहान होता, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण या साऱ्याचे प्रवेशद्वार एकच आहे, ते म्हणजे कान.

आणि कान नाजूक असतो. आतल्या कानातील शंखाच्या आकाराच्या पोकळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीची थरथर त्या विजेच्या संदेशात बदलतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, तर १०० डेसिबलला मर्यादा फक्त १५ मिनिटांची. डीजेच्या भिंतीसमोर आवाज सहज १०० च्या वर जातो आणि वरात दोन-दोन तास चालते. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कानाने दिलेला तो इशारा असतो. ऐकू येणे एकाएकी कमी झाले तर वाट न पाहता एक-दोन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

बँडचाही आवाज मोठाच असतो, हे खरे. वादकांच्या कानांनाही धोका असतो, ओठांनाही. ट्रम्पेटवादकांच्या ओठाच्या स्नायूला होणाऱ्या इजेला आर्मस्ट्राँग यांच्या टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ असेच नाव आहे. पण बँडला एक नैसर्गिक मर्यादा आहे. फुंकणाऱ्याला दम घ्यावा लागतो. दोन गाण्यांच्या मध्ये थांबावे लागते, आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या कानालाही विसावा मिळतो. यंत्राला दम लागत नाही. त्याचा आवाज वाढवायला एक बोट पुरते. आता काही बँडही गाडीवर की-बोर्ड आणि भोंगे लावून डीजेशी स्पर्धा करतात. त्यात वादकाचेच नुकसान अधिक, कारण कान गेला की त्याचा धंदा गेला.

कायदा आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते. तरी रुग्णालयाच्या फाटकासमोर वरात पाच मिनिटे जास्तच रेंगाळते, कारण तिथे रस्ता रुंद असतो. आत कोणाला झटका आलेला असतो, कोणी बाळंतीण असते. प्रत्येक वरातीमागे पोलीस धावू शकत नाहीत. निर्णय लग्नघरातच व्हायला हवा.

तो फार अवघड नाही. सुपारी देताना बँडला प्राधान्य द्यावे आणि भोंग्याविना वाजवण्याची अट घालावी. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांना वाद्यांपासून दूर चालवावे. बँडच्या वादकांनी इअरप्लग वापरावेत आणि वर्षातून एकदा श्रवण तपासणी करून घ्यावी. जिल्ह्यातल्या शाळांनी बँडपथक केवळ १५ ऑगस्टपुरते न ठेवता मुलांना वर्षभर एखादे फुंकवाद्य शिकवले, तर पुढची पिढी वाजवायलाही शिकेल आणि दुसऱ्याचे ऐकायलाही. जॅझ शंभर वर्षे जगला तो वादक एकमेकांचे ऐकत राहिले म्हणून. आपला बँड टिकवायचा असेल, तर त्याच्या वादकांचे आणि वऱ्हाडी मंडळींचे कान आधी शाबूत राहिले पाहिजेत.