उभं राहून सांगा

भिलाईच्या सेक्टरांतल्या क्वार्टरमध्ये फोन वाजला की शेजाऱ्यालाही कळतं कोण काय म्हणतंय. बाप तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये असतो. तिथे शेजारच्याला ‘पाना दे’ सांगायचं तरी ओरडावं लागतं. तोच गळा तो घरी आणतो आणि पोरंही तोच उचलतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं 1911 मध्येच मांडून ठेवलंय, तेव्हा दोष कुणाचा नाही. पण हीच पोरं एसीच्या लहानशा खोलीत मुलाखतीला बसली की एक तर भांडल्यासारखी बोलतात, नाही तर बिचकून इतकी हळू, की समोरच्याला कान पुढे करावा लागतो.

नोकरीत असताना मी भरतीच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बराच बसलो. एक पोरगा अजून आठवतो. शर्ट कोरा करकरीत, छातीवर पुठ्ठ्याच्या घडीची रेघ तशीच. हात सारखा कॉलरकडे जायचा. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं, तर क्लासमध्ये घोकलेलं एका दमात म्हणून टाकलं. मेहनती आहे, टीमवर्क आवडतं, वगैरे. मग कुणीतरी विचारलं, अप्रेंटिस असताना पंप उघडला होता का? पोराचे हात टेबलावर आले. सील कसं झिजलं होतं, बेअरिंगचा आवाज कसा बदलला होता, सगळं हातानं दाखवत सांगू लागला. कॉलर विसरला, आवाजही आपोआप जागेवर आला.

म्हणून भिलाई-दुर्गच्या मराठी मुलामुलींना माझं सांगणं असं, की व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासची फी भरण्याआधी आपल्या गावची तीजनबाई बघा. भिलाईजवळच्या गनियारीची ही पंडवानी गायिका. आजोबांकडून महाभारताच्या कथा ऐकत शिकली आणि तेराव्या वर्षी शेजारच्या गावात दहा रुपयांवर पहिला कार्यक्रम केला. तेव्हा बायकांनी पंडवानी गायची ती बसून, वेदमती पद्धतीनं. उभं राहून गायची कापालिक शैली पुरुषांची. ती उभी राहिली. जातभाईंनी वाळीत टाकलं, तरी राहिली. पुढे तिनं भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी केली आणि 2019 मध्ये तिला पद्मविभूषण मिळालं. तिच्याकडे सामान काय? लुगडं, दागिने आणि हातात एक तंबुरा. तोच तंबुरा भीमाची गदा होतो, अर्जुनाचं धनुष्य होतो. जुना व्हिडिओ मिळाला तर ती थांबते कुठे ते नीट पाहा. गर्जना सगळ्यांना दिसते, पण त्याआधीची शांतता कुणी मोजत नाही. तुमचा पंप, तुमचं ड्रॉइंग, तुमचा हिशेबाचा तक्ता म्हणजे तुमचा तंबुरा. तो हातात असल्यासारखं बोला.

क्लासवाले फळ्यावर आकडा लिहितात, की छाप पडते ती 93 टक्के आवाज आणि हावभावांनी, शब्दांनी फक्त 7. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आला. तिथे एकेक सुटा शब्द ऐकवून आणि छायाचित्रं दाखवून बोलणाऱ्याच्या मनातली आवडनावड ओळखायला लावली होती. मुलाखतीशी त्याचा संबंध नाही आणि खुद्द मेहराबियन यांनीही तसं बजावलंय. झिजलेलं सील ज्याला माहीत नाही, त्याला कुठलाच हावभाव वाचवत नाही.

आवाजाचं काम मात्र होण्यासारखं आहे. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. पहिल्यांदा ऐकून लाज वाटेल, कारण एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही पोचतो आणि त्यामुळे जाड वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये असतो तो लोकांना ऐकू येणारा. त्यात दोनच गोष्टी शोधा. वाक्याचा शेवट गिळता का, आणि श्वास कुठे घेता. वाक्य संपवा, पोटापर्यंत श्वास घ्या, मग पुढचं.

उच्चारांची धास्ती सोडा. हिंदीत ‘ज्ञान’चं द्न्यान झालं किंवा ‘जूता’तला ज आपल्या ‘जुना’तल्यासारखा निघाला, तर कुणी हसेल, हसू द्या. त्यापायी कुणाला नाकारलेलं मी तरी पाहिलं नाही. उसना इंग्रजी हेल मात्र तिसऱ्या वाक्यात गळून पडतो, तेव्हा फार केविलवाणं दिसतं.

कपड्यांचं थोडक्यात. नवा शर्ट घ्यायचाच तर आदल्या आठवड्यात एकदा धुऊन, इस्त्री करून, घालून फिरून या. बूट पुसा. अत्तर नको, बंद खोलीत नाक भरून जातं.

आणि आईबापांनो, ‘तिथे मान खाली घालून बस’ असं शिकवून पाठवू नका. त्यापेक्षा आज जेवणं झाली की पोरीला समोर उभी करा, पंखा बंद करा आणि तिच्या कामातली एक गोष्ट मराठीत सांगायला लावा, पाच मिनिटं, कुणी मध्ये टीव्ही न लावता. आई जिथे ‘म्हणजे काय गं?’ म्हणेल, तिथे खूण करून ठेवा. मुलाखतीत पुढचा प्रश्न बहुधा तिथलाच येतो.