मेलेले बियाणे युरियाने उठत नाही



पाऊस पडला, पिशवी फोडली, पेरणी केली. पण तासात कोंब दिसेना. तक्रार घेऊन जावे तर उत्तर ठरलेले : "पेरणीची घाई केलीत, बी खोल गेले." विकणारा शहाणा, पेरणारा अडाणी! आम्ही म्हणतो, बी कसे उगवते ते आधी समजून घेऊ, मग चूक कोणाची ते ठरवू.

दाणा म्हणजे शिदोरीसकट झोपलेला जीव. ज्वारीच्या दाण्यात कोंबाजवळ पिठाचा साठा असतो. ओल लागली की आतले रस त्या पिठाची साखर करतात आणि कोंब तिच्यावर वाढतो. सरकीत ही शिदोरी तेलाची आणि प्रथिनांची, दोन दलांत भरलेली. ती दले माती फोडून वर येतात, हिरवी होतात आणि पाने फुटेपर्यंत रोपाला पोसतात. तोवर बी मागते ते फक्त ओल, ऊब आणि हवा. मेलेल्या बियाला युरियाची गोणी ओतली तरी जीव येत नाही.

शिदोरी मोजकीच असते. बी 5 सेंटिमीटरपेक्षा खोल गेले किंवा वर मातीची पापडी धरली, तर उजेड दिसण्याआधीच ती संपते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरणे हाही जुगारच. ही चूक आमची असेल तर आम्ही ती पदरात घेऊ.

पण बी पिशवीतही श्वास घेते. ओलावा एका टक्क्याने वाढला किंवा उष्णता 5 अंशांनी चढली, तर त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. मे महिन्यात तापल्या पत्र्याखाली ते मेले असेल, तर ते पाप कोणाचे?

भिवंडीजवळच्या दापोड्यात जाऊन पाहा. भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. शहराच्या मालाला पक्के छप्पर मिळाले. आपल्या बियाण्याला कोणते मिळाले, हे चिठ्ठीवर कुठे लिहिलेले असते? त्याच ठाणे-रायगड पट्ट्यातला भातकरी रहू पद्धतीत बी भिजवून, मोड आणून मगच चिखलात फेकतो. मेलेले बी त्याला घरातच कळते. आपण कोरडवाहूवाले मात्र चिठ्ठीवर विसंबून उसनवारीचा पैसा मातीत घालतो.

यंदा तसे नको. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा. ज्वारी 10 दिवसांनी मोजा, कापूस 12 दिवसांनी. ज्वारीला आणि संकरित कापसाला किमान 75 टक्के उगवण हवी, हे सरकारचेच प्रमाण आहे. कमी भरली तर पेरू नका, पिशवी परत करा. पावती, चिठ्ठी, रिकामी पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवले नाही तर तोंडी बोलू नका. कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पंचनामा मागा. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, तो ग्राहक न्यायालयात भरपाई मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले आहे. घरची सुधारित ज्वारी राखण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने दिला आहे; तोही वापरा.

आमची मागणी साधी आहे. बियाणे कुठे व किती उष्णतेत ठेवले, हे चिठ्ठीवर छापा. उगवले नाही तर नुसती पिशवीची किंमत नको. दुबार पेरणीचा खर्च आणि हुकलेल्या हंगामाची भरपाई द्या. आम्ही भीक मागत नाही. पैसे मोजून जिवंत बी विकत घेतले आहे, ते जिवंतच हवे.