झाकावे, पण लपवू नये

आपल्या शाळेत क्रिकेट, खो-खो आणि मल्लखांब हे खेळ पूर्वीपासून आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत नेमबाजीची भर पडली आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि या खेळाकडे घराघरांतले लक्ष वळले. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. आपल्या मध्य प्रदेशातही भोपाळची राज्य नेमबाजी अकादमी आहे, आणि खरगोन जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर तिथेच घडला. सैन्याचे मार्क्समनशिप युनिट तर इंदूरपासून तासाभराच्या वाटेवर, महूला आहे. तेव्हा आपल्या मुलामुलींना या खेळाची ओढ लागली तर नवल नाही. आम्हाला तर त्याचा आनंदच आहे.

पण बॅट खांद्यावर टाकून सिटी बसमध्ये चढता येते, तशी रायफल घेऊन चढता येत नाही. स्पर्धा भोपाळला असली तर सरवटे बसस्थानकावर उभे राहावे लागते किंवा रेल्वेने जावे लागते. हे सामान न्यायचे कसे, हा प्रश्न पालकांच्या बोलण्यात वारंवार येतो, आणि त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते, मुलाने कष्ट करून खेळ मिळवला आहे, मग रायफलची लांब पेटी उघड मिरवत न्यायला लाज कसली? इतरांना वाटते, साध्या खेळाच्या बॅगेत, टॉवेल आणि ट्रॅकसूटच्या खाली शस्त्र घालून नेणे हे चोरासारखे वागणे झाले. उद्या पोलिसांनी बॅग उघडली तर शाळेचे नाव जाईल.

आमच्या मते साधी खेळाची बॅगच बरी. मात्र ती कशी भरावी आणि ती हातात असताना कसे वागावे, याचे नियम बॅगेपेक्षा महत्त्वाचे आहेत.

साधी बॅग का, ते आधी सांगतो. एअर पिस्तूल जेमतेम हातभर लांब असते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे त्याचे वजन दीड किलोपेक्षा जास्त असू शकत नाही. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असते आणि लांबीला मीटरभर किंवा थोडी अधिक. सोबत कॅनव्हास आणि चामड्याचे जाड जाकीट, पँट, बूट, हातमोजा, छर्‍यांचे डबे असा संसार असतो. परदेशी बनावटीच्या रायफलची किंमत लाखाच्या वर जाते. रायफलच्या आकाराची पेटी, त्यावर कंपनीचे नाव आणि लक्ष्याचे चित्र असे सामान फलाटावर ठेवले की दोन प्रकारच्या लोकांचे लक्ष तिकडे जाते. एक चोर, आणि दुसरे घाबरणारे. चोराला आत काय आहे हे पेटीच सांगते. घाबरणार्‍याला काहीच कळत नाही, त्याला फक्त बंदूक दिसते. त्याच्या दृष्टीने एअर रायफल आणि खरी रायफल यांत फरक नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

तिसरे कारण आपल्या प्रदेशाचे आहे. उत्तरेकडे, आणि आपल्या राज्यातही काही भागांत, बंदूक खांद्यावर टाकून फिरण्यात मोठेपणा मानतात. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडतात आणि एखाद्या घरात आनंदाच्या दिवशी रडारड होते. हा प्रकार इतका वाढला की २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून अशा जीव धोक्यात घालणार्‍या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवावी लागली. नेमबाजीचा खेळ या मिरवणुकीच्या अगदी उलट आहे. १० मीटरवरच्या एअर रायफलच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधायला श्वास आणि मन आवरावे लागते. जो मुलगा हे शिकतो, त्याला रस्त्यात आपले शस्त्र दाखवण्याची हौस असू नये. ती हौस दिसली तर शिकवणीत काही राहून गेले आहे असे समजावे.

आपल्या घरी खंडेनवमीला शस्त्रे काढतात, पुसतात, हळदकुंकू वाहतात आणि पूजा झाली की पुन्हा जागेवर ठेवतात. वर्षभर ती दाराशी टांगून ठेवा असे कोणी सांगितलेले नाही. शस्त्राचा मान राखणे आणि त्याचे प्रदर्शन करणे यांतला फरक आपल्या वाडवडिलांना चांगला ठाऊक होता.

जगातले कायदेही हेच सांगतात. कॅनडात १९९८ च्या नियमांप्रमाणे पिस्तुलासारखी निर्बंधित शस्त्रे नेताना ती रिकामी, कुलूपबंद आणि आरपार न दिसणार्‍या पेटीत असावी लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या कायद्यात शस्त्र पूर्ण झाकलेले आणि नेणार्‍याच्या ताब्यात असले पाहिजे असे म्हटले आहे. म्हणजे झाकणे हा चोरटेपणा नाही, ती चारचौघांविषयीची सभ्यता आहे.

मग दुसर्‍या बाजूच्या पालकांची शंका फोल आहे का? नाही. त्यांची शंका निम्मी खरी आहे, आणि त्या निम्म्याकडेच आपले दुर्लक्ष होते. बॅग साधी आहे म्हणून आतले सामानही साधे आहे, असे मुलांना हळूहळू वाटू लागते. मग ती बॅग वर्गाच्या कोपर्‍यात पडते, बसच्या टपावर चढते, 'जरा लक्ष ठेव रे' म्हणून मित्राच्या हवाली होते. मित्र चेन उघडून बघतो. झाकण्याचा फायदा इथेच संपतो आणि धोका सुरू होतो. साध्या बॅगेची खरी अडचण आहे ती ही.

म्हणून आमचे म्हणणे असे की बाहेरची बॅग साधी असावी, पण आत कडक, कुलपाची पेटी असावी. नुसत्या कापडी बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेले पिस्तूल आम्हाला मान्य नाही. ते सुरक्षितही नाही आणि खेळाच्या दृष्टीनेही वाईट, कारण एका धक्क्याने नेम धरण्याची साइट हलते आणि महिनाभराची मेहनत पहिल्या दहा फैरींत वाया जाते. रायफल मोठ्या किट बॅगेत बसवण्यासाठी काही जण दस्ता सोडवतात; त्यानंतर सगळी मापे पुन्हा जुळवावी लागतात. त्यापेक्षा चाकांची लांब साधी बॅग घ्यावी आणि तिच्यात पेटी बसवावी. बॅगेवर रायफलचे चित्र, लक्ष्याचे स्टिकर असे काही चिकटवू नये. झाकायचे आणि वर पाटी लावायची, याला अर्थ नाही.

पेटीत ठेवण्यापूर्वी शस्त्र रिकामे आहे हे दोघांनी पाहावे, एकाने नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रेंजवर नेम धरत नसताना नळीत भडक रंगाची सुरक्षा-खूण घालावी लागते. एअर रायफलमध्ये ती दोरी नळीच्या दोन्ही टोकांतून दिसेल इतकी लांब असते. पुष्कळ मुले त्यासाठी गवत कापण्याच्या यंत्राची नारिंगी नायलॉन दोरी वापरतात. पाच-दहा रुपयांची ही दोरी प्रवासातही नळीत असावी. छर्रे वेगळ्या कप्प्यात असावेत. हल्लीच्या रायफलमध्ये हवेचा सिलिंडर असतो, आणि त्यात साधारण २०० बार दाब असतो. मे महिन्याच्या उन्हात बंद मोटारीत तो ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. विमानाने जायचे असेल तर विमान कंपनीला आधी कळवून परवानगी घ्यावी लागते आणि शस्त्र तपासणीच्या सामानातच जाते. सिलिंडरविषयी कंपनी सांगेल तसे वागावे. हातातल्या बॅगेत चुकूनही काही राहू नये, छर्‍यांचा विसरलेला डबादेखील.

कायद्याविषयी दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफल-पिस्तुलाला परवाना लागत नाही. आपली मुले हीच वापरतात. पॉइंट टू-टूची रायफल मात्र अग्निशस्त्र आहे. तिला परवाना लागतो, आणि २१ वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणपणे तो मिळत नाही. प्रशिक्षणापुरती जी मुभा आहे ती अटींसह आहे. म्हणून असे शस्त्र मुलाच्या बॅगेत कधीच जाऊ नये. ते परवानाधारक मोठ्या माणसाने स्वतः न्यावे. शिवाय सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात शहरात शस्त्रे बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. स्पर्धेच्या तारखा आल्या की असा आदेश लागू आहे का, हे आधी विचारून घेणे पालकांचे काम आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. बॅग झाकलेली असावी, तुमचे बोलणे झाकलेले नसावे. बसस्थानकावर पोलिसाने विचारले, "बेटा, इसमें क्या है?" तर "क्रिकेट का सामान" असे सांगायचे नाही. आधी खरे सांगायचे: नेमबाजीची एअर रायफल आहे, रिकामी आहे, कागद हे आहेत. स्वतःहून बॅग उघडायची नाही, हात आत घालायचा नाही. सोबतच्या मोठ्या माणसाला बोलवायचे आणि ते सांगतील तसे करायचे. खरेदीची पावती, संघटनेचे ओळखपत्र आणि स्पर्धेचे पत्र यांच्या प्रती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असू द्या, म्हणजे कागद दाखवायला पेटी उघडावी लागणार नाही. गर्दीला दिसू नये म्हणून आपण झाकतो. ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्याच्यापासून लपवले, तर मात्र ते खरोखर चोरासारखे झाले. झाकणे आणि लपवणे यांच्यामधली ही रेघ ज्याला कळली, त्याच्या हाती शस्त्र द्यायला आम्ही कचरणार नाही.

राहता राहिला शाळेचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. शाळा सुटते, सराव दुपारी असतो, घर दूर असते. मग मुले सकाळीच बॅग घेऊन शाळेत येतात. त्यांची गैरसोय आम्हाला कळते. तरीही आमचे मत स्पष्ट आहे. शाळेच्या आवारात नेमबाजीचे कोणतेही शस्त्र येऊ नये, बॅग कितीही साधी असो आणि पेटीला कितीही कुलपे असोत. पाचवी-सहावीची मुले मधल्या सुट्टीत एकमेकांची दप्तरे उघडतात हे आपण रोज पाहतो. एका शिक्षकाने चाळीस मुलांसोबत अशा एका बॅगेवरही डोळा ठेवावा, ही अपेक्षा योग्य नाही. जाकीट, बूट, हातमोजा खुशाल आणावेत, शस्त्र नाही.

पण नुसते 'नाही' म्हणून शाळेला मोकळे होता येणार नाही. तसे केले तर ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांचीच मुले खेळतील, आणि ज्या मुलीचे वडील दुकान सोडून दुपारी येऊ शकत नाहीत तिचा खेळ सुटेल. म्हणून विश्वस्त मंडळाला आमच्या तीन सूचना आहेत. एक, रेंजच्या चालकांशी बोलून आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिथेच कुलूपबंद कपाटाची सोय करावी आणि त्याचे भाडे शाळेने द्यावे. दोन, कडक पेट्या आणि त्या मावतील अशा साध्या बॅगांचे दोन-तीन संच शाळेने घेऊन ते रेंजवरच ठेवावेत आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे स्पर्धेपुरते द्यावेत. प्रत्येक घराला हा खर्च झेपणारा नाही. तीन, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलांसोबत एक जबाबदार मोठा माणूस असावा, आणि सामानाची यादी, कागदांच्या प्रती व प्रवासाचा मार्ग आदल्या दिवशी मुख्याध्यापकांकडे दिलेला असावा. नावे नोंदवलेली असली की वाटेत काही अडचण आल्यास शाळा छातीठोकपणे फोनवर सांगू शकेल, "होय, ती आमचीच मुले आहेत."

या तिन्ही गोष्टींना मोठा पैसा लागत नाही, थोडे लक्ष लागते. नवे सत्र सुरू होण्यापूर्वी विश्वस्तांनी यावर निर्णय घ्यावा आणि पालकांनी आपले मत लेखी कळवावे, अशी आमची विनंती आहे. कुणाला आमचे मत पटत नसेल तर त्यांनी तसेही कळवावे. पुढच्या अंकात ते आम्ही आनंदाने छापू.